दगडी वस्त्राची शिवण

९ नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचे. बस उशिरा — "रस्त्याचं काम चालू आहे" म्हणे. रस्ता दिसला, काम काही दिसलं नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, मध्ये अरुंद टेबल, भिंतीवर जहाजाचं चित्र. समुद्राचा इथे दूरदूरपर्यंत पत्ता नाही! नळ उघडला की आधी खोकतो, मग पाणी देतो. सासूबाईंनी खिडकीजवळचा पलंग घेतला. विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तोच दिला असता, पण विचारायला काय जातं?

संध्याकाळ पुरती झालीही नाही आणि त्या झोपल्या. मी टेबलाशी.

इथे आलोय ते राजघराण्याचं थडगं बघायला. हट्ट त्यांचा. हंगाम तोंडावर आलेला, दुकानात शिवायला आलेल्या कपड्यांचे गठ्ठे पडलेले, आणि आठवडाभर कुलूप! तापात फणफणत असतानाही दुकान उघडणारी बाई ही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ या. तर — "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मला आत्ता बघायचंय."

मी फार ताणून धरलं नाही. मलाही त्यांना एक गोष्ट सांगायचीय आणि ती दुकानात सांगता येत नाही. शब्द काढला की कुणीतरी माप द्यायला येतं.

गोष्ट अशी, की मी दुकान सोडतेय. नाटकांचे कपडे शिवणारी एक मोठी कार्यशाळा आहे, दूरच्या शहरात. तिथल्या बाईंनी स्वतःहून फोन करून बोलावलं. तेही शिवायला नाही — बेतायला! शनिवारपर्यंत काय ते कळवा म्हणाल्या. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही. आपला भाव वाढत असेल तर मध्ये तोंड घालू नये. माझं हो आहे. सासूबाईंनी नणंदेकडे जाऊन राहावं, हेही मी मनातल्या मनात ठरवून मोकळी झालेय. त्यांना फक्त सांगायचं राहिलंय.

उद्या सांगते.

१० नोव्हेंबर, सोमवार

थडगं सोमवारी बंद!

फाटकाला हे मोठं कुलूप. आमच्यासारखी आणखी दहा-बारा शहाणी माणसं बाहेर उभी. एक जण आपल्या बायकोला म्हणत होता, "मी बघितलं होतं, उघडं असतं म्हणून." तिचं न बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जात होतं.

सासूबाई गजांना धरून बराच वेळ उभ्या. आत लांबवर घुमट, पुढे कोरडा हौद, दोन्ही बाजूंना छाटलेली झुडपं. मग त्यांनी ती मास्तरांची गोष्ट काढली. तुकड्यातुकड्यांनी पूर्वीही ऐकली होती, आज सबंध ऐकली. त्यांना ज्यांनी बेतायला शिकवलं ते मास्तर म्हणे प्रत्येक शिकाऊ पोरीला सांगायचे — त्या थडग्यावर एक वस्त्र आहे. घड्या अशा पडल्यात की आपल्याला सात जन्मांत पाडता येणार नाहीत. त्याची शिवण कुठे आहे ते शोधून ये, मग तुला कारागीर म्हणेन. कुणीच कधी आलं नाही. कुठून येणार! मास्तर गेले, बरोबरीच्या पोरी संसाराला लागल्या, आणि ह्या चाळीस वर्षांनी शिवण शोधायला निघाल्या. कापूस पिंजावा तशी त्यांनी ही गोष्ट मला फाटकाशी उभ्याउभ्या ऐकवली.

परतताना माझा दंड धरून चालल्या. एरवी रस्ता ओलांडतानाही हात झिडकारतात. हॉटेलात खाण्याचा तक्ता पुढे आला तर — "तूच सांग काय ते, चष्मा खोलीवर राहिला." चष्मा पर्समध्ये होता. सकाळी त्यांनी ठेवताना मी बघितला होता. आपलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायची सवय, दुसरं काय! मी सूप आणि पाव सांगितला. सुपाला चव नव्हती, पाव बरा होता.

सांगायला ही वेळ बरी होती. पण त्या माझ्याकडे बघतच नाहीत. कितीतरी महिने झाले. बोलतात माझ्याशी, बघतात माझ्या कानाकडे. जणू तिथे दुसरी कुणी उभी आहे आणि तिच्याशी त्यांचं बरं जमतं!

हे पडद्यांपासूनचं आहे. लिहूनच टाकते. सभागृहाचे मखमली पडदे आमच्याकडे शिवायला आले होते. माझे हे गेल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम. मखमलीला लव असते, सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला यावी लागते. एक पट्टी उलटी आली तर दिव्याखाली ती वेगळ्याच कापडाची वाटते. हे पहिल्या महिन्यातली शिकाऊ मुलगीही जाणते. सासूबाईंनी मधली पट्टी उलटी बेतली. मी शिवून टाकली — लव बघायचं माझ्या मनातही आलं नाही, त्यांनी बेतलेलं कोण तपासतं! पडदा चढला, दिवे लागले, आणि मधोमध काळा पट्टा. सभागृहवाल्यांनी सगळ्यांदेखत आमची लाज काढली. सासूबाई म्हणाल्या, "चुकलं." एवढंच! मी घरी येऊन नाही नाही ते बोलले. तुमचं लक्ष नसतं, हट्ट मात्र कमी होत नाही, कात्री माझ्या हातात द्यायला तुमचा जीव जातो, वगैरे.

खोटं काय होतं त्यात? वर्षभर त्यांच्या खडूच्या रेषा वाकड्या येतायत. त्या चहाला उठल्या की मी पटकन पुसून सरळ करून ठेवते. त्या येऊन त्यावर कात्री चालवतात आणि म्हणतात, "बघ कसं बेतलंय!" त्यांना पत्ताही नाही.

नणंदेचा फोन आला होता. पडद्यांनंतर सासूबाई रुसून दोन दिवस तिच्याकडेच जाऊन राहिल्या होत्या. सासूबाई फोन घेऊन बाहेर गेल्या. दार ओढून घेतलं! चालू दे माझी निंदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज बघितलं. नीट लिहिते, उद्यापर्यंत डोक्यात भलतंच काही होईल.

आत गारवा. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत शाल हवीशी वाटली. उंच जाळ्यांमधून उजेड येतो तो जमिनीपर्यंत पोचता पोचता थकतो. घुमटाखाली तीन थडगी. बाजूला राजा, बाजूला राणी आणि मध्ये — राजाची आई! सासू मध्ये! मेल्यावरसुद्धा! मला हसू आवरेना. पुढे एक वाटाड्या होता, लोकांना दिसावं म्हणून मिटलेली छत्री उंच धरून चालणारा. तो सांगत होता, "राजमातेची तशी इच्छा होती."

सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "सुनेला विचारलं होतं का कुणी?"

सगळे हसले. छत्रीवाला कसलेला, तो म्हणाला, "बाई, सगळ्यात शेवटी सूनच गेली. हे बांधून घेतलं तेही तिनंच. सासूला मध्ये ठेवली तीही तिनंच."

वस्त्र त्या मधल्या थडग्यावर. गडद मरून. चौथऱ्यावरून चारी बाजूंना खाली उतरलेलं, कोपऱ्यांत घड्या, आणि पायाकडचा एक कोपरा किंचित उचललेला, वाऱ्यानं उडाल्यासारखा. खरंच अप्रतिम. पण दगड! मला दोरीपाशी पोचायच्या आधीच कळलं. पांढरी शीर एका घडीवरून दुसऱ्या घडीवर सरळ गेलेली. कडेला एके ठिकाणी टवका उडालेला. कापड उसवतं, विरतं, त्याचा टवका उडत नाही. मनात म्हटलं, वा मास्तर! शिकाऊ पोरींची चांगली जिरवत होतात! दगडाला शिवण शोधायला पाठवत होतात!

म्हणून सासूबाईंकडे वळले. त्याही हसत असतील म्हणून.

त्या हसत नव्हत्या. मान एका बाजूला कलती करून बघत होत्या. पुटपुटत होत्या, "अस्तर असणार. अस्तराशिवाय असं पडत नाही... कोपरा दुमडून बघायला हवा." आणि मी काही म्हणायच्या आत त्या दोरीखालून वाकल्या. गुडघे धरतात म्हणून एरवी खाली पडलेली टाचणी उचलत नाहीत! हात लांब करून त्या उचललेल्या कोपऱ्याला दोन बोटांत धरायला गेल्या. आम्ही कापड धरतो तसं — अंगठा खाली, तर्जनी वर.

घंटा! सगळा घुमट दणाणला. मिशीवाला पहारेकरी धावत आला. "बाई, हात काढा! हात काढा!" सासूबाईंचा हात तिथेच. दोन बोटांत दगड. चेहऱ्यावर — कसं लिहू? समोर दार आहे म्हणून पाऊल टाकावं आणि भिंत लागावी, तसं काहीतरी.

मग हसल्या. खूप हसल्या. "मास्तरांनी उल्लू बनवलं गं! चाळीस वर्षं उल्लू बनवलं!" छत्रीवाला हसला, लोक हसले. पहारेकऱ्याचाही राग गेला. म्हणाला, "पुष्कळ जण फसतात, आजी. तुम्ही काही पहिल्या नाही." त्यांनी दोन्ही हात जोडून त्याची माफी मागितली, तीही भलत्याच बाजूला तोंड करून.

मला काही हसू आलं नाही. पुष्कळ जण फसत असतील. ह्या फसायच्या नाहीत. दुकानात गिऱ्हाईक दारात उभं असतानाच ह्या सांगायच्या — बाई, ही मखमल नव्हे, फसवलंय तुम्हाला. दाराशी उभं असलेलं कापड ओळखणारी बाई हातभर अंतरावरचा दगड ओळखत नाही?

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाजारात फिरलो. त्यांनी काही घेतलं नाही, मीही नाही. सांगितलंही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बसमध्ये माझ्या कोटाचं बटण तुटलं होतं. आज दुपारी खोलीत लावायला बसले. सुई-दोऱ्याची डबी सासूबाईंच्या पर्समध्ये कायम असते. दोन रिळं होती, एक काळं, एक गडद निळं. मी म्हटलं, "आई, काळं द्या."

त्यांनी दोन्ही पुढे केली. "घे तुला हवं ते."

मी घेतलं नाही. मुद्दाम. "तुम्हीच द्या ना. काळं कुठलं?"

रिळं त्यांच्या तळहातावर. एक उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, खिडकीकडे धरलं. मला वाटलं ओरडतील. त्या पलंगावर बसल्या.

"मधलं गेलंय गं," म्हणाल्या.

"काय गेलंय?"

"नजरेचं मधलं. कडा आहेत. डॉक्टर म्हणाला, ठार आंधळ्या होणार नाही तुम्ही, फक्त समोरचं दिसणार नाही. मी म्हटलं, बाबा रे, समोरचंच दिसणार नसेल तर बाजूचं घेऊन काय करू? लोणचं घालू?"

"कधीपासून?"

"पडद्यांच्या आधीपासून."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? मी एवढी तोंड सोडून बोलले तेव्हा तरी!"

"काय बोलू? बेतणाऱ्या बाईला दिसत नाही, असं पाटीवर लिहून घेऊ? चाललं होतं ना कसंबसं." आणि पुढे, "औषध आहे, पण ते आहे तेवढं टिकवायचं. गेलेलं येत नाही. म्हणून म्हटलं थडगं तेवढं आत्ता बघून घ्यावं. तर तेही दगडाचं निघालं!"

आणि मग जे म्हणाल्या ते असं — "तुझं तोंड बघायचं तर कानाकडे बघावं लागतं मला. सरळ बघितलं की तू पुसली जातेस. कानाकडे बघितलं की जराशी येतेस."

इतके महिने मी याला आकस म्हणत होते! मला रडू कोसळलं. त्या म्हणाल्या, "पुरे आता, बटण लाव." मी लावलं. निळ्या दोऱ्यानं लावलं, नंतर लक्षात आलं. तसंच ठेवलंय.

माझी गोष्ट घशातच राहिली. आता कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला दिसत नाही, बरं मग, मी निघते!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. मी जात नाही. उद्या सकाळी बाईंना फोन करून नाही म्हणून सांगायचं. आता कात्री माझ्या हातात, खडूही माझ्या हातात, त्यांनी नुसतं शेजारी बसून हुकूम सोडावेत. ती हौस त्यांची दांडगी आहे.

ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बेतायचं टेबल, असं बाई म्हणाल्या होत्या, "तीन बाजूंनी फिरता येईल एवढं लांब." आमच्या दुकानात लांब कापड बेतायचं तर अर्धं मशीनवर टाकावं लागतं. ते टेबल सारखं डोळ्यांपुढे येतंय. असो. नशिबात नव्हतं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

दुपारी पुन्हा थडग्याला गेलो. त्यांनाच जायचं होतं. मिशीवाल्यानं लांबूनच ओळखलं — "आल्या आजी! आज दोरीच्या बाहेर हं!" मी त्याला बाजूला घेऊन डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "या माझ्याबरोबर." तिकीटखिडकीच्या मागे एक खोली आहे, डागडुजीचं सामान ठेवायची, तिथे घेऊन गेला. त्याच मरून दगडाचा एक तुकडा फळीवर पडलेला. कुठल्यातरी जुन्या कारागिरानं टवक्याच्या जागी बसवायला कोरलेला आणि माप चुकल्यामुळे बसलाच नाही. म्हणजे त्यांच्यातही चुकायचं! तीन घड्या आणि एक दुमडलेली कड, एवढंच. "याला लावा हवा तेवढा हात," पहारेकरी म्हणाला. आपण दाराशी जाऊन विडी काढली, ओढली नाही.

सासूबाई फळीशी बसल्या. आधी कड, मग घडी, मग घडीच्या आतली बाजू. डोळे मिटून. मधेच माझा हात ओढून त्यावर ठेवला. "इथे बघ. घडी वर रुंद, खाली निमुळती. अंगच्या वजनानं पडलेली आहे. दाबून बसवलेली नाही. हा माणूस आधी खरं कापड टाकून बघत असणार." मग मला म्हणाल्या, "तू बघ. शिवण सापडते का?"

मी शोधली. वेड्यासारखी दगडाला शिवण शोधली. म्हटलं, "नाही."

"मग आपण दोघीही अजून शिकाऊच."

खूश होत्या. वाटेत दंड धरून चालल्या आणि झिडकारायचं नाटकही केलं नाही. बेकरीपाशी थांबून म्हणाल्या, "ती सून हुशार होती. सासूला मध्ये घातली आणि आपण जाळीजवळची जागा घेतली. वारा तिथेच येतो." ह्यांना जाळी कुठे आहे ते दिसलं होतं तर! कडेचं दिसतं, म्हणाल्या होत्याच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी त्या आंघोळीला गेल्यावर खाली जाऊन बाईंना फोन केला. म्हटलं, मला यायला जमणार नाही, सासूबाईंची नजर —

त्यांनी मध्येच तोडलं. "अहो, मला माहीत आहे ते! पडदे झाले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आल्या होत्या इथे, लेकीचा हात धरून. तुमचं नाव त्यांनीच दिलं. मी विचारलं, सून बेतते का? म्हणाल्या, वर्षभर तीच बेततेय, मी नुसती कात्री धरते."

वर आले. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली. त्यांची वेगळी, खिडकीशी. त्या पलंगावर बसलेल्या, केस विंचरून, तयार.

"काय म्हणाल्या मग बाई?" त्यांनी विचारलं — माझ्या कानाकडे नीट बघत.